जुळ्या बाळांची नावं ठेवताना: जोडी जुळवायची की ओळख द्यायची?

दवाखान्यातून फोन येतो, "मुबारक हो, दोन झाले!" आणि घरात एकच गडबड उडते. दादी शुकराने की नमाजला उभी राहते, चाचा मिठाईला पळतात, फुफी लगेच व्हॉट्सअॅपवर नावांची यादी टाकते. त्या यादीतली सगळी नावं जोडीचीच असतात. फैज–फैजान, सना–सानिया, उमर–उमैर, अरहान–अरमान. जुळी आहेत ना, मग नावंही जुळायला हवीत, असं सगळ्यांनाच वाटतं. हिंदी सिनेमानेही 'राम और श्याम', 'सीता और गीता' दाखवून हीच सवय लावली आहे.

हौस चुकीची नाही. एकाच वेळी दोन बाळं येणं ही अल्लाहची मोठी देणगी आहे आणि ती नावातून दिसावी असं वाटणं साहजिक आहे. पण थोडं थांबून विचार करू या. जुळ्या भावंडांची जन्मतारीख सारखी असते. आई-वडील, आडनाव, पत्ता, शाळा आणि बहुतेक वेळा वर्गही सारखाच असतो. एकसारखी दिसणारी जुळी असतील तर चेहराही सारखा. मग एकाला दुसऱ्यापासून वेगळं ओळखण्यासाठी उरतं काय? फक्त नाव. आणि तेवढी एकच गोष्ट आपण हौसेपोटी सारखी करून टाकतो.

आमच्याच नात्यातल्या एका घरात जुळ्या मुली आहेत. त्यांच्या नावांत फक्त एका मात्रेचा फरक आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. दीड वर्षाच्या असताना लसीकरणाच्या वेळी एकीच्या कार्डावर दुसरीच्या डोसाची नोंद झाली. महिनाभराने कार्ड पाहिलं तर एकीला तोच डोस दोनदा दिलेला आणि दुसरीला दिलेलाच नाही, असं दिसत होतं. खरं काय झालं, ते सांगणारं कुणी नव्हतं. आईच्या आठवणीवर भरवसा ठेवून डॉक्टरांना निर्णय घ्यावा लागला. अल्हमदुलिल्लाह, दोघी सुखरूप आहेत. पण तेव्हापासून आमच्या घरात जुळ्यांच्या नावांचा विषय निघाला की कुणी हसण्यावारी नेत नाही.

चार शब्दांतला एकच शब्द

महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं सरकारी कागदपत्रांवरचं नाव चार भागांत लिहायचं आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. आईच्या नावाला मान मिळाला, ही चांगलीच गोष्ट. पण जुळ्यांच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो? समजा एक मुलगा 'फैज शबाना अस्लम मुजावर' आहे आणि दुसरा 'फैजान शबाना अस्लम मुजावर'. चारपैकी तीन शब्द तेच. चौथ्यातही फरक फक्त शेवटच्या दोन अक्षरांचा. कारकून घाईत असेल, कॉम्प्युटरवर नाव अर्धवट टाकून शोधलं असेल, तर कुणाचा दाखला कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

आधारचंही तसंच. पाच वर्षांखालच्या मुलांचं आधार काढताना बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं घेतली जात नाहीत. ते पाच वर्षांनंतर घ्यायचे असतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा अपडेट करायचे असतात. म्हणजे पहिली पाच वर्षं सरकारी नोंदीत दोन जुळ्यांमधला फरक म्हणजे नाव आणि एक लहानसा फोटो. तान्ह्या जुळ्यांचे फोटो तर आईलाही कधीकधी ओळखू येत नाहीत!

त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. आपल्या समाजात कागदपत्रांतल्या नावाच्या एका अक्षरामुळे किती हेलपाटे मारावे लागतात, हे कुणाला सांगायला नको. दाखल्यावर 'शेख' पुढे, मतदारयादीत मागे, शाळेत 'बी' गळालेलं, बँकेत 'बानू' वाढलेलं. एका मुलाचे कागद सरळ ठेवताना दमछाक होते. दोघांचे एकमेकांत मिसळले तर काय होईल, याचा विचार नाव ठेवतानाच करायला हवा.

लिपी बदलली की नाव बदलतं

आपल्या मुलांची नावं तीन लिपींत फिरतात. मौलाना उर्दूत लिहून देतात, नगरपालिका मराठीत नोंदवते, पासपोर्टवर इंग्रजी येतं. या प्रवासात उर्दू-अरबीतले बारीक फरक पुसले जातात. अरबीत वेगवेगळी असलेली कित्येक अक्षरं देवनागरीत एकच होऊन बसतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण 'आसिया' या नावाचं. फिरऔनच्या पत्नीचं नाव आसिया. अलिफ-मद आणि सीनने लिहिलं जाणारं हे नाव इमानाचं आणि धीराचं प्रतीक आहे. पण ऐन आणि साद वापरून लिहिलेल्या 'आसिया'चा अर्थ होतो नाफरमानी करणारी. याच नावाच्या एका स्त्रीचं नाव पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बदलून 'जमीला' ठेवलं, असं सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये येतं. मराठीत दोन्ही नावं हुबेहूब सारखी दिसतात. म्हणून नाव पक्कं करण्याआधी ते उर्दूत नेमकं कोणत्या अक्षरांनी लिहायचं, हे जाणकाराकडून कागदावर लिहून घ्यावं आणि तो कागद जपून ठेवावा.

दुसरी अडचण 'ज' आणि 'झ'ची. मराठी फॉर्मवर नुक्ता नसतो. मग कुणी जैनब लिहितं, कुणी झैनब. कुणी जोया, कुणी झोया. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं वाटतात. आयशा, आयेशा, आईशा, ऐशा यांचंही तसंच. आता जुळ्यांपैकी एकीचं नाव 'जोया' आणि दुसरीचं 'जोहा' ठेवलं, तर चार कागदांवर मिळून किती प्रकार होतील, तुम्हीच मोजा.

काही जोड्या तर मराठीत आल्या की जवळजवळ एकच होतात. आलिम–अलीम, आकिल–अकील, हाफिज–हफीज. अरबीत यांचे अर्थ आणि रूपं वेगळी आहेत, पण टायपिंग करणाऱ्याच्या हातून एक काना इकडचा तिकडे झाला की धाकटा मोठा होतो.

दोघंही 'मोहम्मद', दोघंही 'अब्दुल'

आपल्याकडे बरकतीसाठी नावाआधी 'मोहम्मद' लावण्याची रीत आहे. मोहम्मद जैद आणि मोहम्मद साद, ऐकायला किती गोड! पण महाराष्ट्रातल्या फॉर्मवर पहिला शब्द म्हणजे मुलाचं नाव, असं गृहीत धरलं जातं. हजेरीपटावर दोघंही 'मोहम्मद' होतात. एका ठिकाणी 'मोहम्मद', दुसरीकडे 'मो.', तिसरीकडे 'मोहंमद' आणि इंग्रजीत आणखी चार स्पेलिंगं.

'अब्दुल'चं तर दुहेरी नुकसान आहे. समजा जुळ्यांची नावं अब्दुल रज्जाक आणि अब्दुल रहमान. कागदावर दोघंही 'अब्दुल' झाले, आणि 'रज्जाक', 'रहमान' वडिलांच्या नावाच्या रकान्याकडे सरकले. घरात हाक मारताना मात्र उलटं होतं. 'अब्दुल' गळून पडतं आणि 'ए रज्जाक', 'ए रहमान' सुरू होतं. ही अल्लाहची नावं आहेत. 'अब्द' म्हणजे बंदा, तो शब्द काढून नुसत्या सिफतीने माणसाला हाक मारणं उलेमा नापसंत करतात. म्हणजे कागदही बिघडला आणि अदबही गेली.

यावर उपाय सोपा आहे. अल्लाहला अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही नावं सर्वात प्रिय आहेत, असं हदीसमध्ये आलं आहे, तेव्हा ही नावं जरूर ठेवा. फक्त दोन शब्दांत न तोडता एकाच शब्दात लिहा आणि जुळ्यांपैकी एकालाच द्या. दुसऱ्याला एखाद्या नबीचं किंवा सहाबीचं नाव द्या. मोहम्मद लावायचंच असेल तर एकाच्या नावाआधी लावा, किंवा दोघांच्याही मुख्य नावानंतर लावा.

हसन–हुसैनचं काय?

हा प्रश्न हमखास येतो. जुळी मुलं झाली की पहिलं सुचतं ते हसन–हुसैन. कित्येकांना तर वाटतं की ह. हसन (रजि.) आणि ह. हुसैन (रजि.) जुळे भाऊ होते. तसं नाही. ह. हसन यांचा जन्म हिजरी सन ३ मधला आणि ह. हुसैन यांचा हिजरी सन ४ मधला. दोघांमध्ये वर्षभराचं अंतर आहे. 'हुसैन' हे 'हसन'चंच लाडाचं, लहानपण दाखवणारं रूप आहे. म्हणून ती नावं इतकी जवळची वाटतात.

ही जोडी जगभरच्या मुसलमानांत जुळ्यांसाठी वापरली जाते. नायजेरियातल्या हौसा मुसलमानांत तर तो रिवाजच आहे. जुळे मुलगे असतील तर हसन–हुसैनी आणि मुली असतील तर हसना–हुसैना, असं ठरलेलंच असतं.

या नावांची बरकत कोण नाकारेल? ज्यांना ती ठेवायची आहेत त्यांनी बेलाशक ठेवावीत. पण मग स्पेलिंगची काळजी दुपटीने घ्यावी. 'हुसैन', 'हुसेन', 'हुसैन्न' असे प्रकार होऊ देऊ नयेत, आणि दोघांना घरात नेहमी पूर्ण नावाने हाक मारावी. आमचा मुद्दा एवढाच आहे, की नावं जोडीची असावीत यासाठी यमक जुळलंच पाहिजे, असं नाही.

यमकाऐवजी अर्थाची जोडी

जोडी कानाला न जुळवता अर्थाने जुळवली तर हौसही भागते आणि ओळखही वेगळी राहते. काही उदाहरणं पाहा.

सफा–मरवा: मक्केच्या या दोन टेकड्यांना सूरह बकरामध्ये (२:१५८) अल्लाहच्या निशाण्या म्हटलं आहे. बीबी हाजरा पाण्यासाठी त्यांच्यामध्ये धावल्या. जोडी म्हणून यापेक्षा सुंदर काय असेल! आणि दोन्ही नावं ऐकायला, लिहायला पूर्ण वेगळी. पहिलं अक्षरसुद्धा वेगळं.

सादिक–अमीन: नबुव्वत मिळण्याआधीही मक्केचे लोक पैगंबर (स.) यांना याच दोन शब्दांनी ओळखत. एकाचा अर्थ खरं बोलणारा, दुसऱ्याचा विश्वासू.

आसिया–मरियम: सूरह तहरीमच्या अखेरीस (६६:११-१२) इमानवाल्यांसाठी आदर्श म्हणून फिरऔनच्या पत्नीचा आणि बीबी मरियम यांचा पाठोपाठ उल्लेख आहे. अर्थात आसिया सीनवालंच!

नूर–जिया: दोन्हींचा अर्थ प्रकाश, उच्चार मात्र अगदी निराळे. शम्स–कमर: सूर्य आणि चंद्र. बुशरा–फरहा: खुशखबर आणि आनंद. शाकिर–हामिद: शुक्र करणारा आणि हम्द करणारा.

नबींच्या घराण्यातली भावांची नावंही आहेत. मूसा–हारून हे सख्खे भाऊ. इस्माईल–इसहाक हे ह. इब्राहीम (अ.) यांचे दोन पुत्र. एकाही जोडीत यमक नाही, तरी ऐकणाऱ्याला नातं लगेच कळतं.

इथे आम्हाला ह. यह्या (अ.) यांची आठवण होते. सूरह मरियममध्ये (१९:७) येतं की अल्लाहने स्वतः हे नाव ठरवलं आणि त्याआधी हे नाव कुणालाच दिलं नव्हतं. म्हणजे एका बाळाला त्याचं स्वतःचं, वेगळं नाव मिळणं हीसुद्धा अल्लाहची एक नेमतच आहे.

मुलगा आणि मुलगी असेल तर

एक मुलगा, एक मुलगी अशी जुळी असतील तर लोक सर्रास अमीन–अमीना, आदिल–आदिला, जमील–जमीला अशी नावं ठेवतात. एका कान्याचा फरक. तो काना कुठेतरी गळला तर बहिणीच्या दाखल्यावर भावाचं नाव येतं, किंवा मुलाच्या फॉर्मवर 'स्त्री' छापलं जातं. आणि असं होतं, हे शाळेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

दुसरी एक गंमत सांभाळायला हवी. उत्साहात आपण प्रसिद्ध जोड्या उचलतो आणि त्या नवरा-बायकोच्या आहेत हे विसरतो. आदम–हव्वा, अली–फातिमा, इब्राहीम–हाजरा. वेगवेगळी ठेवली तर ही सगळी मुबारक नावं आहेत. पण भाऊ-बहिणीला ही जोडी दिली की नानी कपाळावर हात मारते आणि मोठेपणी मुलं लाजतात. त्यापेक्षा यूसुफ–मरियम, बिलाल–खदीजा अशी नावं ठेवावीत.

तिळी असतील तर यमकाचा मोह आणखी अवघड होतो, कारण तिसरं यमक शोधताना अर्थ नसलेलं नाव गळ्यात पडतं. दोन चांगली नावं सापडतात आणि तिसऱ्या बाळाच्या वाट्याला नुसता आवाज येतो. तीन मुली असतील तर मरियम, खदीजा, फातिमा यांच्यासारखी नावं डोळ्यांसमोर ठेवा. जन्नतच्या श्रेष्ठ स्त्रियांमध्ये हदीसने या तिघींचा आणि बीबी आसिया यांचा उल्लेख केला आहे.

नावातही इन्साफ

एकाचं नाव ददिहालने ठेवायचं, दुसऱ्याचं ननिहालने, असा तोडगा बऱ्याच घरांत निघतो. भांडण मिटतं, पण कधीकधी त्यातून दुसरी अडचण उभी राहते. एकाला मरहूम दादांचं नाव मिळतं. मग सगळे त्याला 'दादा' म्हणतात, कुणी त्याच्यावर आवाज चढवत नाही. दुसऱ्याला कुठलं तरी नवं, फॅशनचं नाव मिळतं, ज्याचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही. मुलं सात-आठ वर्षांची झाली की विचारतात, "अम्मी, माझ्या नावाचा अर्थ काय?" एकाजवळ सांगायला गोष्ट असते आणि दुसरा गप्प बसतो.

एका सहाबींनी आपल्या एकाच मुलाला देणगी दिली आणि पैगंबर (स.) यांना साक्षीदार व्हायला सांगितलं. तेव्हा त्यांनी नकार दिला आणि मुलांमध्ये इन्साफ करण्याची ताकीद दिली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. नाव ही आई-वडिलांनी मुलाला दिलेली पहिली देणगी आहे. जुळ्यांना ती शेजारी शेजारी उभी राहून मिळते, त्यामुळे तुलना आयुष्यभर होत राहते. म्हणून एकाला बुजुर्गांचं नाव दिलंत तर दुसऱ्यालाही तितकंच वजनदार नाव द्या. दादांचं नाव एकाला, नानांचं दुसऱ्याला. किंवा दोघांनाही सहाबांची नावं. सगळ्यांचा मश्वरा जरूर घ्या, पण शेवटचा शब्द आई-वडिलांचा असू द्या.

नाव आधी, दावत नंतर

जुळी बाळं बऱ्याचदा दिवस भरण्याआधी जन्मतात. वजन कमी असतं, काही दिवस काचेत ठेवावं लागतं. मनगटावर पट्टी असते: अमुकचं बाळ एक, अमुकचं बाळ दोन. अशा वेळी घरचे म्हणतात, "आधी घरी येऊ द्या, मग अकीका करू, तेव्हा नाव ठेवू." तोवर तीन आठवडे दोघं 'एक' आणि 'दोन'च राहतात.

दीनमध्ये यासाठी थांबायची गरज नाही. सातव्या दिवशी अकीका आणि नाव, अशी हदीस आहे. पण पैगंबर (स.) यांनी आपल्या पुत्राचं, इब्राहीमचं, नाव जन्माच्या रात्रीच ठेवलं, हेही हदीसमध्येच आहे. म्हणजे नाव पहिल्याच दिवशी ठेवता येतं. गरोदरपणात सोनोग्राफीत जुळी असल्याचं कळलेलंच असतं. तेव्हाच मुलांची दोन आणि मुलींची दोन नावं ठरवून ठेवली तर घाईत चुकीचं नाव पडत नाही. काचेतल्या बाळाला त्याच्या नावाने हाक मारता येते, आणि दुआ करताना आईच्या ओठांवर दोन वेगळी नावं येतात. हे फार मोठं समाधान आहे.

अकीका प्रत्येक बाळाचा वेगळा. मुलासाठी दोन आणि मुलीसाठी एक बकरी, अशी हदीस आहे. म्हणजे जुळ्या मुलग्यांसाठी चार. ऐपत नसेल तर मुलामागे एक केली तरी चालते, असं अनेक उलेमा सांगतात. सातवा दिवस हुकला तर चौदावा किंवा एकविसावा दिवस धरतात. कोकणातली आपली बहुतेक घरं शाफई आहेत, देशावर आणि मराठवाड्यात हनफी जास्त. तपशिलासाठी आपापल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावं.

एक नाजूक गोष्टही सांगायला हवी. कधीकधी दोघांपैकी एक बाळ अल्लाहकडे परत जातं. ते जिवंत जन्मलं असेल तर त्यालाही नाव द्यावं, त्याची जनाजाची नमाज होते, आणि कायद्याप्रमाणे त्याच्या जन्माची व मृत्यूची दोन्हींची नोंद करावी लागते. त्याचं नाव उरलेल्या बाळाला देऊन टाकू नये. ते नाव त्याचंच राहू द्यावं. अम्मी-अब्बांना सब्र करताना आधार म्हणून तेवढं नावच हाती उरतं.

नोंदणी करताना एवढं पाहा

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात जन्म झाला असेल तर माहिती दवाखानाच पाठवतो. जुळ्यांसाठी प्रत्येक बाळाचा फॉर्म वेगळा भरायचा असतो आणि शेऱ्याच्या रकान्यात जुळं असल्याचं लिहायचं असतं. ते लिहिलं आहे की नाही, स्वतः पाहून घ्या. पुढे कुणी "एकाच तारखेचे दोन दाखले कसे?" असं विचारलं तर हाच शेरा कामाला येतो.

नाव ठरलं नसेल तर बिननावाची नोंद होते. जन्मनोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क टाकता येतं आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून टाकता येतं. पण ते लांबवू नका. नाव देताना तोंडी सांगू नका, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत ठळक अक्षरांत कागदावर लिहून द्या. दाखला हातात आल्यावर काउंटरवरच वाचा. आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. नंतर दुरुस्ती करायची म्हणजे अर्ज, पुरावे, प्रतिज्ञापत्र आणि कामावर खाडे.

नाव पक्कं करण्याआधी घरच्या घरी करायच्या परीक्षा

१. स्वयंपाकघरातून अंगणात हाक मारून पाहा. दोन्ही नावं वेगळी ऐकू आली का? की दोघंही धावत येतील?

२. दोन्ही नावं उर्दू, मराठी, इंग्रजी अशी तिन्ही लिपींत लिहा. एक काना किंवा एक अक्षर बदललं तर एकाचं नाव दुसऱ्याचं होतं का?

३. पहिलं अक्षर वेगळं आहे का? निकाल, बँक, तिकीट, सगळीकडे अद्याक्षरं लागतात.

४. मराठी शाळेत नाव कसं ऐकू येईल? 'वासिक' नाव चांगलं आहे, पण वर्गातली पोरं 'वास'वरून चिडवतील. ठेवायचं असेल तर तयारीनिशी ठेवा.

५. दोन्ही नावांचे अर्थ दोन वाक्यांत मुलांना अभिमानाने सांगता येतील का?

आणि ज्यांनी सारखी नावं ठेवली आहेत त्यांनी?

घाबरू नका, नावं बदलायची गरज नाही. फक्त काही सवयी लावून घ्या. दोघांसाठी वेगवेगळ्या रंगांच्या फायली करा. लसीकरणाच्या दिवशी एका बाळाचं सगळं संपल्यावरच दुसऱ्याचं कार्ड पुढे करा. सर्व कागदांवर दाखल्यावरचंच स्पेलिंग ठेवा. पाच वर्षं पूर्ण झाली की आधारला ठसे देऊन या. शाळेत दाखल करताना वर्गशिक्षकांना सांगून ठेवा, "सर, ही जुळी आहेत, नोंदी जरा पाहून करा."

आणि घरात टोपणनावांची काळजी घ्या. जुळ्यांना 'गोरी–काळी', 'जाड्या–बारक्या', 'हुशार–ढ' अशी तुलनेची नावं पाहुणेसुद्धा सहज चिकटवतात. एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नका, असं सूरह हुजुरातमध्ये (४९:११) स्पष्ट सांगितलं आहे. अशी हाक ऐकली की तिथल्या तिथे, प्रेमाने पण ठामपणे सांगा, "याचं नाव हामिद आहे. आणि त्याचं शाकिर."

जुळी एकत्र येतात, एकाच पाळण्यात झोपतात, एकमेकांचा हात धरून शाळेत जातात. पण पुढे प्रत्येकाचं शिक्षण वेगळं, निकाह वेगळा, रोजी वेगळी, आणि शेवटी अल्लाहपुढे हिशेबही वेगळाच. त्या प्रत्येक ठिकाणी त्याला त्याच्या स्वतःच्या नावानेच पुकारलं जाणार आहे. ते नाव स्पष्ट असावं, अर्थपूर्ण असावं आणि फक्त त्याचंच असावं.

अल्लाह आपल्या सर्व लेकरांना नेक, निरोगी आणि आई-वडिलांच्या डोळ्यांची थंडक बनवो. आमीन.